फिलूआंटींचा दहावा खंड

सकाळच्या ट्रॅफिकमध्ये मुद्दाम सगळ्यात हळू लेन शोधणारी बाई अख्ख्या शारजात एकच असेल: आमच्या फिलूआंटी.

आंटी मूळच्या वसईच्या. दुबईतल्या एका हॉटेलात लाँड्रीच्या मॅनेजर. आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात. मिस्टर वारले, मुलगी कॅनडात. रोज मला आणि कणकवलीच्या सावंतांना गाडीतून दुबईला नेतात. अट एकच: मोबाइल खिशात. कारण गाडीत आंटी गोष्ट सांगतात.

गोष्ट एका अंतराळयानाची. इंग्रजीत तिचे दहा खंड, आणि आंटी बावीस वर्षं ते वाचतायत. कॅप्टन ओरेला नावाची म्हातारी माणसांना घेऊन नवा ग्रह शोधत फिरते. सावंत तिला उर्मिला म्हणतात. आंटींनी दोनदा सुधारलं, मग सोडून दिलं.

"यल्ला, चला, कुठे होतो आपण?" गाडी सुरू झाली की आंटी विचारतात.

"शनीच्या पलीकडे," सावंत ताबडतोब सांगतात.

आंटी लेखकावर मात्र कायम चिडलेल्या. "अकरा वर्षं यानात आहेत आणि युनिफॉर्म धुतो कोण? नऊ खंडांत एक वॉशिंग मशीन नाही रे, मंदार!"

दहावा खंड शेवटचा, असं जाहीर झालं तेव्हापासून बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका सिग्नलला म्हणायच्या, "देवाची कृपा. लेखक म्हातारा, मी म्हातारी, कोण आधी जाईल याचीच भीती होती." पुढच्या सिग्नलला, "पण इतकी काय घाई होती मेल्याला?" मधेच हॉर्न वाजवायच्या, पुढे कोणी नसताना.

पुस्तक आलं. शनिवार-रविवारात त्यांनी ते वाचून काढलं. सोमवारी आम्ही कान टवकारून बसलो.

दीड महिना झाला तरी गोष्ट संपेना. गाडी आणखी हळू चालायला लागली. मला दोनदा ऑफिसला उशीर झाला. शेवटी न राहवून मी मॉलमधून पुस्तक आणलं आणि थेट शेवटचं प्रकरण उघडलं. यान नव्या ग्रहावर उतरतं आणि त्याआधीच ओरेला मरते. खलास. आमच्या गाडीत मात्र ती एका बर्फाळ चंद्रावर तापाने पडली होती. मी सगळी पानं चाळली; असा चंद्र पुस्तकात कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सावंत त्यांच्या बांधकामाच्या साइटवर उतरल्यावर मी विषय काढला. "आंटी, ओरेला तर गेली ना?"

त्यांनी गाडी कडेला घेतली. बराच वेळ स्टिअरिंगवरची धूळ पुसत राहिल्या.

"वाचलंस?"

"हो."

"चांगला शेवट केलाय. मी रडले. असाच हवा होता, आणि नको पण होता." मग पुटपुटल्या, "पण सावंतांना कसं सांगू? तिच्यासाठी पाच मिनिटं आधी खाली येऊन उभे राहतात. आणि गोष्ट संपली की तुम्ही दोघं मोबाइल काढाल. घरी गेल्यावर तरी मी कोणाशी बोलते? फ्रिजशी."

त्या संध्याकाळी मी सावंतांना बिल्डिंगखालच्या चहावाल्याकडे गाठलं. म्हटलं, हळूच कानावर घालावं.

"सावंत, ती कॅप्टन..."

"मेली. म्हायत आसा माका," ते शांतपणे म्हणाले. "आमच्या इंजिनिअरान कधीच सांगल्यान. पण आंटीक बोला नको हां. बरा वाटता तिका सांगताना."

सकाळी गाडी निघाली. आंटींनी 'यल्ला' म्हटलंच नाही. शेजारी माझ्याकडे तिरकं पाहायच्या, नजर वळवायच्या. दोन सिग्नल गेले. मी नको तेवढा खोकलो.

सावंत मागून पुढे वाकले. "आंटी, उर्मिलाचो ताप उतरलो काय?"

आंटींनी चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत लावला.

"उतरला, सावंत," त्या म्हणाल्या. "पण अशक्तपणा आहे अजून. दोन दिवस पेजच द्यावी लागेल."