सतरा कोऱ्या मेंढ्या

ग्लेनडोरीच्या कलासप्ताहात आजवर पाऊल न टाकलेलं माणूस गावात एकच, आणि ते म्हणजे आपण, हे इशबेल गेडिस दर नोव्हेंबरात पोस्टाच्या खिडकीशी उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगे. "बारा वर्षं! बारा वर्षांत मी त्या हॉलचा पुढचा उंबरा ओलांडलेला नाही, आणि मेले तरी ओलांडणार नाही! माझी शवपेटीसुद्धा मागच्या दाराने न्या!"

मागच्या दाराने ती अधूनमधून जायची. हॉलचा बॉयलर साऱ्या गावात फक्त तिचंच ऐकायचा, आणि तेही योग्य जागी लाथ बसल्यावर. पण बॉयलरची खोली म्हणजे काही हॉल नव्हे, त्यामुळे ते धरायचं नाही असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

आणि खरं सांगायचं तर तिचं काय चुकत होतं? कलासप्ताहात चालायचं तरी काय! पहिल्या वर्षी टोपल्या विणायला शिकवल्या. मंडळींनी दोन दिवस खपून विणलेल्या टोपलीत बटाटा ठेवला की तो खालून निघून जायचा. मग लोकर कुटून पिशव्या झाल्या. जी लोकर इशबेल चिखलात टाकायची, तिच्यावर ही माणसं साबण ओतून दिवसभर थापट्या मारत बसली. गेल्या वर्षी तर कळसच! अठरा जण डोंगरावर जाऊन दगडांशी बोलून आले, आणि दगडांनी काय उत्तर दिलं ते चहाबरोबर एकमेकांना वाचून दाखवलं.

हे सगळं घडवून आणायची ती फेनेला. एडिनबरोच्या बँकेतून निवृत्त होऊन तिला गावात येऊन तेराच वर्षं झाली होती, म्हणजे गावाच्या हिशेबी ती अजून पाहुणीच. यंदा तिने लंडनहून पेरेग्रीन नावाचा कलाकार आणला होता. त्याला दोन आडनावं होती, मध्ये आडवी रेघ मारलेली, आणि पायात बूट असे होते की ग्लेनडोरीचा चिखल पाहून तेच आधी रडले असते.

त्या आठवड्यात इशबेलला कलेहून फार मोठं काम होतं. तिच्या चाळीस मेंढ्यांत शेजारच्या डूगलचा मेंढा सोडून सतरा दिवस झाले होते. मेंढ्याचं नाव ब्रिगेडियर. डूगलच्या खिडकीत त्याने जिंकलेले नऊ चषक ओळीने मांडलेले होते, आणि डूगल लग्नातला फोटो पुसायचा नाही, पण ते चषक रोज पुसायचा.

मेंढ्याच्या छातीला पिवळा रंग फासायचा. तो ज्या मेंढीवर चढेल, तिच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे शेपटीवरच्या भागावर, रंग उमटतो. सतरा दिवसांनी सगळ्या मेंढ्या वाड्यात घ्यायच्या आणि मोजायच्या. पिवळी ती फळली, कोरी ती राहिली. दहाच्या वर कोऱ्या निघाल्या, तर मेंढ्याच्या मालकाने दुसरा मेंढा आणून द्यायचा. हे कुठे लिहिलेलं नसतं. त्या दरीत आजोबांच्या आजोबांपासून पुठ्ठ्यावरचा रंग म्हणजे साक्ष, आणि साक्षीपुढे कोणी बोलत नाही.

बुधवारी सकाळी इशबेलने मेंढ्या रस्त्यालगतच्या दगडी वाड्यात आणल्या. दारातून आत घेताना मोजल्या. तेवीस पिवळ्या, सतरा कोऱ्या! तिने पुन्हा मोजल्या. सतराच! नऊ चषकांचा ब्रिगेडियर कोपऱ्यात उभा राहून गवत खात होता, जसं काही त्याचा ह्या प्रकरणाशी संबंधच नाही.

इशबेलला आधी हसू आलं, मग तिने हिशेब केला. नवरा गेल्यापासून ह्या चाळीस मेंढ्याच तिचं घर चालवत होत्या. त्यातल्या सतरा वांझ राहिल्या, तर वसंतात तिच्या कुरणात निम्मी शांतता असणार होती. कानातले बिल्ले पाहून नंबर टिपून घ्यावेत म्हणून तिने खिशातून वही काढली, पेन्सिलीला थुंकी लावली, आणि फोन वाजला.

"इशबेलबाई, बॉयलर गेला हो!" फेनेलाचे दात फोनमधून वाजताना ऐकू येत होते. "आत म्हातारी माणसं आहेत. दोघींची बोटं निळी पडलीत!"

"निळा रंग हवाच असेल ना तुम्हाला कलेला!"

"अहो, थट्टा नको! या ना लवकर!"

इशबेल चरफडत गेली. जाताना पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश वाड्याच्या भिंतीवर तसाच राहिला. एका लाथेचं काम, पण त्या दिवशी बॉयलरला अकरा लाथा लागल्या, वर पान्ह्याचे तीन तडाखे. ती परतली तेव्हा दोन तास उलटले होते.

वाड्यात चाळीस मेंढ्या होत्या. चाळीसच्या चाळीस पिवळ्या!

वाड्याभोवती गार हॉलमधून बाहेर पडलेली कलासप्ताहाची अठरा माणसं पिवळे हात घेऊन, चेहऱ्यावर पुण्य कमावल्याचा भाव आणून उभी होती. भिंतीवर डूगल बसला होता आणि मटणाचा पाय खात होता, म्हणजे ते कागदात गुंडाळलेलं, रस्सा मनगटापर्यंत ओघळणारं पेस्ट्रीतलं मटण. त्याचं सगळं लक्ष त्या मटणात होतं.

"कोणी केलं हे?" इशबेलच्या आवाजाने ब्रिगेडियरनेसुद्धा मान वर केली.

"आपण सर्वांनी!" पेरेग्रीन दोन्ही हात पसरून पुढे आला. "बाई, तुम्ही हे इतकी वर्षं डोंगरात लपवून ठेवलंत? काय धाडस आहे! पण आम्ही आलो तेव्हा कितीतरी जणी कोऱ्याच होत्या. वगळलेल्या. आमच्या बार्बराला तर रडूच कोसळलं."

"मी शाळेत अशीच एकटी पडायचे," बार्बरा म्हणाली. ती निवृत्त दंतवैद्य होती आणि अजूनही नाक ओढत होती.

"म्हणून आम्ही त्यांना सामावून घेतलं. मूळ शैलीशी अगदी प्रामाणिक राहून!"

इशबेलने जवळ जाऊन पाहिलं. मेल्यांनी प्रामाणिकपणाची कमाल केली होती! कुठला फराटा मेंढ्याचा आणि कुठला दंतवैद्याचा, हे देवालाही सांगता आलं नसतं. जन्मभर ह्या लोकांना एक धड टोपली विणता आली नाही, आणि जमली ती नेमकी हीच गोष्ट!

"अरे शहाण्या," ती म्हणाली, "तो रंग मी नाही लावत. हा मेंढा लावतो. छातीने. तो कधी लावतो ते तुला इथे सविस्तर सांगू का?"

तिने सांगितलंच, आणि सविस्तर सांगितलं. ऐकता ऐकता बार्बराने आपले पिवळे हात अंगापासून लांब धरले. मग कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं आणि सगळेच आपापल्या हातांकडे पाहू लागले.

इशबेल डूगलकडे वळली. "आणि तू? तुला तर माहीत होतं ना रे! तोंडाला कुलूप लागलं होतं?"

"तोंडात मटण होतं," डूगल म्हणाला. "आणि मला वाटलं, तुझी परवानगी असेल. हल्ली कलेचं काही सांगता येत नाही बुवा."

"सतरा कोऱ्या होत्या, डूगल. मी दोनदा मोजल्या."

"सतरा? ब्रिगेडियरच्या?" त्याने छातीवर हात ठेवला. "दोन-चार असतील. दोन-चार तर कोणाच्याही राहतात. लिहून ठेवलंस का कुठे?"

वही खिशात होती आणि कोरी होती. इशबेलने त्या अठरांकडे पाहिलं. "तुम्ही सांगा! किती रंगवल्यात?"

एकाने नऊ सांगितल्या, दुसऱ्याने तीस. बार्बराने एकाच मेंढीला तीनदा रंगवलं होतं, कारण त्या दोघींचं जमलं होतं. पेरेग्रीनने डोळे मिटले. "बाई, आकड्यात अडकू नका. आम्ही मोजत नाही, अनुभवतो."

"बघ," डूगल भिंतीवरून उतरला. "साक्ष पुठ्ठ्यावर आहे. चाळीस पिवळ्या. ब्रिगेडियरचं काम झालं." आणि त्याने ब्रिगेडियरला गाडीत चढवलं सुद्धा!

"मग तुझा कॉर्पोरल दे!" इशबेल ओरडली. कॉर्पोरल हा त्याचा दुसरा मेंढा, चषक नसलेला, पण कामाचा.

"कॉर्पोरल सोमवारी बालाखच्या मळ्यावर चाललाय. महिनाभरासाठी. शब्द दिलाय मी." गाडी निघून गेली.

इशबेलचे तीन दिवस फार वाईट गेले. दरीतले सगळे मेंढे आपापल्या कामावर होते, उसना मिळणारा एकही नव्हता. महिनाभर थांबायचं म्हणजे मेंढ्यांचे दिवसच निघून जायचे. ती राग कोणावर काढणार? तिने तो लापशीवर काढला, रोज ती करपत होती.

शनिवारी सकाळी पोस्टात फेनेला भेटली. इशबेल तोंड फिरवून निघालीच होती.

"इशबेलबाई, मला मनापासून वाईट वाटतंय हो," फेनेला म्हणाली. "आणि त्यात तो डूगल! आज प्रदर्शन उघडतंय, तर सकाळपासून तीनदा येऊन गेला. म्हणे मेंढ्यांचे फोटो भिंतीवरून काढा, अश्लील आहेत!"

"डूगल? अश्लील?" इशबेल थबकली. डूगलच्या न्हाणीघरात लटकणारं कॅलेंडर सगळ्या दरीला माहीत होतं. "कसले फोटो?"

"पेरेग्रीनने रंगवण्याआधी एकेकीचा फोटो काढला होता ना. मागून. चाळीस फोटो. डूगलला वाटतं, त्याने गावाची लाज जाते."

खाई त्याला खवखवे! इशबेलने पोस्टातला दोरीला बांधलेला पेन तोडून घेतला आणि ती निघाली ती थेट हॉलकडे. मागच्या दाराला त्या दिवशी खुर्च्यांची चळत लावलेली होती. तिने एक खुर्ची ओढून पाहिली, वरच्या सहा अंगावर आल्या. शेवटी तिने टोपी डोळ्यांपर्यंत ओढली, आणि बारा वर्षांची प्रतिज्ञा पायपुसण्यावर पुसून पुढच्या दाराने आत गेली.

हॉलमधल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या. कोणाच्या तरी हातातलं बिस्किट चहात पडलं.

भिंतीवर चाळीस पुठ्ठे टांगलेले होते. मोठे, स्वच्छ, चौकटीत बसवलेले! आणि मेंढ्यांनी कॅमेऱ्याकडे वळून पाहिलं होतं, त्यामुळे बहुतेकींच्या कानातला बिल्लाही वाचता येत होता. इशबेल पहिल्या फोटोपुढे उभी राहिली. नाक काचेला लागेपर्यंत वाकली. वहीत टिपलं. दुसऱ्यापुढे गेली. तिला रडायचं नव्हतं, पण तीन दिवसांचा ताण होता, डोळे भरून आले आणि नंबर धूसर दिसू लागले.

"कोणी बोलू नका," पेरेग्रीन कुजबुजला. "माझ्या आयुष्यात माझं काम असं कोणी पाहिलेलं नाही."

तेवढ्यात डूगल चौथ्यांदा तक्रार घेऊन दारात आला, इशबेलला पाहून मागे वळला.

"थांब तिथेच!" ती म्हणाली. आणि कोऱ्या मेंढ्यांवर एकेक बोट ठेवत मोठ्याने मोजू लागली. "एक! दोन! तीन!"

हा कार्यक्रमाचाच भाग असावा, असं मंडळींना वाटलं. चौथ्या मेंढीला बार्बरा सामील झाली. दहाव्या मेंढीला सगळा हॉल एका सुरात मोजत होता. अकराला इशबेल जरा थांबली आणि तिने डूगलकडे पाहिलं. त्याच्या मानेवर लाली चढत होती. "सतरा!" म्हणून हॉल गरजला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"फोटोत काय, वाटेल ते करता येतं," डूगल पुटपुटला.

"मी एका केसालाही हात लावलेला नाही!" पेरेग्रीन उसळला. अपमानाने त्याचा आवाज चिरकला. "साहेब, हे सत्य आहे!"

हॉलमध्ये पोस्टमास्तर होता, पाद्री होते, बालाखच्या मळ्याचा मालकही होता. चाळीस पुठ्ठे भिंतीवर साक्षीला होते. डूगलने टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"कॉर्पोरल उद्या सकाळी आणतो," तो म्हणाला. "बालाखवाल्यांना मी सांगतो काहीतरी."

इशबेलच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की तिने फेनेलाच्या हातून चहासुद्धा घेतला. त्या आनंदातच तिच्या हातून घोडचूक झाली. पेरेग्रीन कार्ड आणि पेन घेऊन आला. म्हणाला, "बाई, ह्या कामाखाली मूळ कलाकाराचं नाव हवं. तुमचं लिहू?"

"माझं मुळीच नको!" ती डूगलला ऐकू जाईल अशी म्हणाली. "ज्याने अर्धवट सोडलं त्याचं लिहा. ब्रिगेडियर!"

सगळे हसले. डूगल मात्र हसला नाही, विचारात पडला.

संध्याकाळी बक्षिसं जाहीर झाली. सर्वोत्कृष्ट स्थानिक कलाकाराचा चषक ब्रिगेडियरला मिळाला. कलाकार स्वतः येऊ न शकल्याने मालकाने तो स्वीकारला. आता डूगलच्या खिडकीत दहा चषक आहेत, आणि दहावा सगळ्यांत उंच आहे. ह्या खेपेला छातीला लाल रंग लावलेल्या कॉर्पोरलने पंधरा दिवसांत सतराच्या सतरा लाल केल्या, त्याबद्दल त्याला कोणी बिस्किटसुद्धा दिलं नाही.

हल्ली पोस्टाच्या खिडकीशी इशबेल गप्प उभी असते. पाहुण्यांच्या वहीत तिची सही आहे, आणि वेळेच्या रकान्यात फेनेलाने 'आगमन अकरा, प्रस्थान दोन' असं सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलंय. बोलतो तो डूगल. तो आता कलासप्ताहाच्या समितीवर आहे.

"मेंढ्यांचं काय एवढं," तो रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, "ते कॉर्पोरललाही जमतं. कला रक्तात असावी लागते!"