सरपंचाच्या खुर्चीवर भागाबाई

विहिरीला लागून असलेला गुरांचा हौद हलवायचा की नाही, यावर आष्टीजवळच्या त्या गावात पंचायतीच्या तीन सभा मोडल्या होत्या. हौदाभोवती कायम चिखल असे आणि पाणी भरणाऱ्या बाया त्यात घसरत. रामबाईचा हात मोडला, तेव्हापासून तिची शेजारीण भागाबाई हट्टाला पेटली होती. पण हौद सरपंच पुनाजींच्या वडिलांनी स्वतः बांधलेला. पुनाजी म्हणत, "दुसरं काईबी बोला."

चौथ्या सभेच्या आदल्या दिवशी ग्रामसेवक नरहर वर्ध्याच्या शिबिरातून परतला. लोकांचे प्रश्न लोकांकडूनच सोडवून घ्यायच्या नव्या रीती तो तिथे शिकला होता. एक त्याला फारच आवडली होती. भांडणाऱ्यांनी जागा बदलायच्या आणि एकमेकांच्या वतीने बोलायचं. सभा चालवणाऱ्याने मात्र मध्ये तोंड उघडायचं नाही.

सभेत त्याने भागाबाईला सरपंचाच्या खुर्चीवर बसवलं. पुनाजी डोक्यावर दुपट्टा घेऊन सतरंजीवर बसले. लोक पोट धरून हसले.

"बोल बाई, कायले आली?" नसलेल्या मिशीवरून हात फिरवत भागाबाईने विचारलं.

"रोज चिखलात घसरून राह्यली," पुनाजी म्हणाले. "रामबाईचा हात मोडला, उद्या माहा मोडन. सरपंचाले सांगून सांगून घसा कोरडा पडला. त्याले वाटते, बायायले कामधंदा नाई."

हसणं थांबलं.

भागाबाई सावरून बसली. "तुहं खरं हाय. पन माह्या बापानं नदीवरून एकएक गोटा डोक्यावर आनला. फोडा असं म्हनायले माही जीभ उचलत नाई."

इतकं पुनाजी स्वतःही कधी बोलले नव्हते. त्यांनी दुपट्ट्याने डोळे पुसले. पण आता ते भागाबाई होते आणि माघार घेणं भागाबाईच्या स्वभावात नव्हतं.

"गोटे तेच ठेव. निंबाखाली बांधला म्हनून तुह्या बापाचा हौद दुसऱ्याचा होत नाई."

भागाबाईने जरा विचार केला. "हे पटलं. जंगलू, फोड हौद."

कोतवाल जंगलू नुकताच दारात आला होता. जागा बदलल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. खुर्चीवरून हुकूम आला, एवढंच त्याला कळलं. पहार उचलून तो निघाला. नरहरने हाक मारायला तोंड उघडलं, शिबिरातला नियम आठवला आणि मिटलं.

नवा हौद किती उंच असावा यावर दोघांची जुंपली असताना बाहेरून ठोके ऐकू आले. पुनाजींनी दुपट्टा ओढून काढला. "कोन फोडून राह्यलं?"

"मीच हुकूम देल्ला," भागाबाई म्हणाली. "अन् तुमीच तं मांगतला."

सगळे विहिरीकडे धावले. हौदाची एक बाजू उतरली होती. भागाबाईने एक गोटा उचलला.

"कुठं ठेवू, भाऊ?"

पुनाजींनी दुपट्टा कमरेला बांधला. "निंबाखाली. दे इकडं, जड हाय तो."

चार दिवसांत नवा हौद उभा राहिला.

पुढची सभा बाजाराच्या रस्त्यासाठी होती. पुनाजी वेळेआधीच आले आणि त्यांनी नरहरला बाजूला घेतलं.

"बाबू, आजबी मले भागाबाईच करजा."

"काऊन?" नरहरच्या तोंडी आता गावची बोली बसली होती.

"खुर्चीवर बसलं की मनातलं बोलता येत नाई."

नरहरने नुसतं आत बोट दाखवलं. खुर्चीवर बसून भागाबाई जंगलूला रस्ता कुठून काढायचा ते समजावून सांगत होती.