कोण बोंबलून राहिलं?

वाघमारे सरांना फोन केला की ते हॅलो म्हणत नाहीत. "कोण बोंबलून राहिलं?" असं विचारतात. नवा माणूस घाबरून फोन ठेवून देतो. कॉलेजच्या नेटवर्कवर कोणतं यंत्र विनाकारण ओरडतंय, एवढंच त्यांना विचारायचं असतं.

आमचं खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज नांदेडच्या बाहेर, लातूर रस्त्यावर आहे. तिथलं सगळं नेटवर्क सर बघतात आणि सगळ्यांवर चिडतात. स्टाफच्या ग्रुपवर कुणी फुलांचं गुड मॉर्निंग टाकलं की ते ग्रुपमधून बाहेर पडतात. प्राचार्य त्यांना परत आत घेतात. "दोघांचं बोलणं हाय ना? मग दोघांत ठेवा. गावाला कामून परेशान करता?" हे सर ज्या आवाजात सांगतात, तो पार्किंगपर्यंत जातो.

आणखी एक खोड. 'ए पोरा', 'अरे शिपाई' असं कुणी म्हटलं की संपलंच. "नाव न्हाई का त्याला?" ते स्वतः वॉचमनलाही पूर्ण नावानं हाक मारतात.

परवा दुपारी दोनला पोरांची ऑनलाइन परीक्षा होती आणि सकाळच्या सरावात लॅबमधली सगळी मशीन गोठली. पेपर मध्येच अडकला तर पोरांचं वर्ष जाणार होतं. परीक्षेची जबाबदारी माझी. मी सरांवर ओरडले, सर माझ्यावर.

लॅपटॉप जोडून पाहताच ते उसळले. "मल्टिकास्ट! कुणीतरी व्हिडिओ सोडलाय अन् तो एकेका मशीनच्या उरावर बसून राहिला." आधी त्यांनी लायब्ररीच्या प्रिंटरला शिव्या घातल्या. मग हॉस्टेलच्या पोरांना घातल्या. दोघंही निर्दोष निघाले. मीही वैतागले होते. "सर, हे असं होतंच कसं?"

"मल्टिकास्ट म्हणजे दवंडी न्हाई, मॅडम. ज्यानं मागितलं त्यालाच द्यायची चीज हाय ती. कुणाला पाहिजे हे स्विच, म्हंजी समद्या तारा जोडल्यात ते यंत्र, इचारत असतं. ती इचारपूस कुणी बंद केली की मग त्याची दवंडी होती. कुण्या गाढवानं केली, तेच हुडकून राहिलो."

तारेचा माग काढत आम्ही पोर्चमध्ये आलो. तिथल्या मोठ्या पडद्यावर संस्थेचे अध्यक्ष हार घालून घेत होते. वाढदिवसाचा व्हिडिओ आठवडाभर अखंड चालू होता. पडद्याखालच्या, व्हिडिओ सोडणाऱ्या डब्यावर चिकटवलेला नेटवर्कचा पत्ता सरांच्याच अक्षरात होता.

डबा त्यांनीच जोडला होता. 'आख्ख्या कॅम्पसला साहेब दिसले पाहिजेत,' असा प्राचार्यांचा हुकूम होता. कँटीनचा पडदा सारखा काळा पडायचा, म्हणून स्विचची ती विचारपूसही त्यांनीच घाईत बंद केली होती.

त्यांनी वायर उपटली. प्राचार्य धावत आले. "कोणी बंद केलं? साहेब चारला येणार आहेत!"

"म्या."

"वाघमारे, लगेच चालू करा."

"न्हाई." मग ते प्राचार्यांशी नाही, त्या काळ्या पडद्याशी बोलल्यासारखं बोलले. "हदगावकडं आमच्या गावात माझा आजा दवंडी द्यायचा. पाटलाच्या घरचं लगीन असो का कुणाचा लिलाव, हलगी आज्याच्या गळ्यात. जनमभर त्यानं दुसऱ्याच्या नावानं हाका मारल्या. त्याला मात्र गाव 'ए' म्हणायचं. मरेपर्यंत 'ए'. म्या एवढं शिकलो, अन् इथं येऊन कुणाची हलगी वाजवली?"

प्राचार्य काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. मला प्राचार्यांचा इतका संताप आला की हातातली लॅबची किल्ली भिरकावून द्यावीशी वाटली. सरांनी स्विचची विचारपूस पुन्हा सुरू केली. लॅबमधली मशीन सुरळीत चालायला लागली.

दोन वाजता पोरं दाराशी गर्दी करून उभी होती. मी नेहमीसारखं "चला रे, आत चला" म्हणणार, तोच सर पुढे आले. दारात उभे राहून एकेकाला पूर्ण नावानं आत बोलावू लागले. शेख आयेशा युसूफ. कदम ओंकार माधव. नाव घ्यायचे, पोराकडे बघायचे आणि मग पुढचं नाव घ्यायचे.

ते इतकं हळू बोलत होते की मला ऐकायला जवळ जावं लागलं.