मुंगी मेली

आमच्या गल्लीतले तायडे भाऊ रोज सकाळी डोक्यावर हेल्मेट घालून पळायला निघायचे. गाडीवर नाही हो, पायी. खाली हाफ पँट, वर बनियन आणि त्यावर मोटरसायकलचं लाल हेल्मेट, पट्टा हनुवटीखाली करकचून लावलेला. अकोल्यात आमच्याकडे पाहुणा आला की आधी आम्ही त्याला हेच दाखवायचो.

भाऊ सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, माझे शेजारी. लाइट गेली, नळ आला नाही, गॅस मध्येच संपला, तरी त्यांचं ठरलेलं वाक्य एकच, "बिलकुल टेन्शन नाई." आणखी एक खोड म्हणजे गल्लीत कोणी पडलं की हे धावत येणार, जमिनीवर दणकन हात आपटणार आणि म्हणणार, "मुंगी मेली!" लहान पोरांना आपण सगळेच असं म्हणतो, त्यानं रडं थांबतं. पण भाऊंना वयाचं बंधन नाही. विमा एजंट भाजीच्या पिशवीसकट स्कूटरवरून आडवा झाला, त्याचीही मुंगी मेली. मी धुतलेल्या ओट्यावरून घसरून कंबर धरून बसले, तर हे आपले ओटा बडवून राहिले. असा संताप आला म्हणता! पण हसूही आलं आणि उठले मी.

मागच्या वर्षी हेच भाऊ पडले. कोपऱ्यावर लग्नाचा मांडव होता आणि त्याची दोरी कोण्या शहाण्यानं थेट रस्त्यात बांधलेली. पहाटे पळताना भाऊंचा पाय अडकला, गुडघ्याची वाटी फुटली. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता खुशाल पळा. तर भाऊंनी हेल्मेट आणलं. पडले गुडघ्यावर आणि हे डोक्याला काहून, असं मी विचारलंच.

"भेव काय गुडघ्यात असते का, वहिनी?" ते म्हणाले.

दारातून ऐटीत निघायचे. कोपरा दिसला की पाय मंदावायचे. तिथल्या विजेच्या खांबाला हात लावायचा आणि चालत परत. पोरं टाळ्या वाजवायची. पण भाऊंचं ते टेन्शनचं वाक्य बंद झालं होतं, आणि ते मला बघवत नव्हतं. त्यांची बायको, कमलताई, होती तेव्हा हे दिसेनासे होईपर्यंत गेटशी उभी राहायची. ती गेल्यापासून गेट नुसतं लोटलेलं असतं.

शेवटी एका सकाळी मी प्लास्टिकची खुर्ची आणि चहाचा कप घेऊन त्या कोपऱ्यावरच जाऊन बसले. म्हटलं, या, पाहते मी.

आले भाऊ. खांब ओलांडला, आणि मांडवाच्या त्याच जागेवर, दोरी नाही, दगड नाही, तरी धडपडून पडले. तळहात तेवढे खरचटले, पण माणूस उठेना. हेल्मेटची काच खाली, आत काय चाललंय दिसेना. लागलं का विचारलं तर नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग सुचलं ते केलं. वाकले, माझेही गुडघे वाजले, आणि रस्त्यावर हात आपटला.

"मुंगी मेली, भाऊ."

काच वर झाली. डोळे भरलेले होते.

"त्या दिवशी मी पडल्या पडल्या वाट पाहून राहिलो होतो, वहिनी," ते म्हणाले. "उचलाले लोकं आले. पन हे कोनी म्हनलंच नाई. कमल असती तं तिनं म्हनलं असतं."

मी आणखी एकदा, जोरात हात आपटला. म्हटलं, एक नाही, दोन मेल्या, आता उठा.

भाऊ हसले. पट्टा सोडला, हेल्मेट माझ्या हातात दिलं, चड्डीची धूळ झटकली आणि निघाले. आधी लंगडत, मग पळत.

मी हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. चहा पार गार झाला होता. पुढच्या वळणाशी पोचल्यावर भाऊंनी मागे वळून पाहिलं, मी आहे की गेले ते. मी हात वर केला, तसे ते वळणाआड गेले.