पीयूनच्या पिशवीतले चार कप

रविवारी सकाळी बायको, पीयून, आंघोळीला गेली तेव्हा ज्यान वानफूने तिची कापडी पिशवी उघडली. कीलुंग बंदरावर एकतीस वर्षं कस्टममध्ये काढलेल्या माणसाला शेजारी बंद पिशवी असली की चैन पडत नाही. दोन महिने ती एक रविवार आड ही पिशवी घेऊन टेकडीवरच्या बागेत चहाला जात होती. आत घडीची चटई, थर्मास, मुठीएवढी किटली, चहापत्तीची पुडी आणि कप निघाले. कप चार होते.

वानफूने ते पुन्हा मोजले. जाते एकटी, मग कप चार कशाला?

“अगं, बाकीचे तीन कप कुणाचे?” ती बाहेर आल्यावर त्याने विचारलं.

“डावीकडे बसतात त्यांचे.”

“कोण बसतं?”

“काय माहीत. चिठ्ठी काढून जागा ठरते. दरवेळी वेगळी माणसं.”

“आणि ती माणसं तुला त्यांचा चहा देतात?”

“नाही हो. मला उजवीकडचे देतात. माझा डावीकडे जातो.”

“मग एवढा वेळ बोलता काय?”

“बोलायचंच नसतं. नुसतं चहात लक्ष ठेवायचं.” पीयूनने पिशवी उचलली, चटईची घडी विस्कटलेली पाहिली, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि बूट घातले.

वानफू खुर्चीत बसून विचार करू लागला. घेणाऱ्याला देणारा माहीत नाही, माल एकाच दिशेने सरकतो आणि कुणी चकार शब्द काढत नाही. बंदरात चोरट्या सिगारेटी अशाच यायच्या. पीयून साधी बाई. तिला पुढे करून कुणीतरी भलतंच काही इकडचं तिकडे करत असणार. उद्या धाड पडली तर पहिली तीच सापडायची. टोपी डोळ्यांपर्यंत ओढून तो तिच्यामागे निघाला.

बागेत वडाखाली तीसेक माणसं गोल करून चटया अंथरत होती. यजमान कुणी नाही, पाहुणा कुणी नाही, तरी प्रत्येकाला काय करायचं ते पाठ. वानफूला हे जरा जास्तच व्यवस्थित वाटलं. तो झाडाआड सरकणार तोच एका म्हाताऱ्या बाईंनी त्याच्यासमोर पिशवी उघडून धरली. उघडी पिशवी दिसली की हात घालायचा, ही जुनी सवय. हात बाहेर आला तो सतरा नंबरची चिठ्ठी घेऊन.

“सामान नाही आणलं का, भाऊ? असू दे. आमच्या एका मास्तरांना सर्दी झालीय, ते आज नुसते बघणार, त्यांचं घ्या,” बाई म्हणाल्या आणि त्याने तोंड उघडायच्या आत त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

सतराच्या डावीकडे अठरा नंबर. तिथे निळी चटई होती आणि चटईवर पीयून.

तिने मान वर केली. छत्तीस वर्षांच्या संसारात वानफूने तिचे अनेक राग पाहिले होते, पण आवाज बंद केलेला राग आजच पाहिला. तिचे ओठ उघडले. तिने सभोवती नजर टाकली आणि ते पुन्हा मिटले.

सगळ्यांनी थर्मास उघडले. वानफूने जन्मात चहा केला नव्हता. घरी “मला साधं पाणी उकळता येत नाही” एवढ्यावर त्याने आजवर निभावून नेलं होतं. पण दुसऱ्याच्या हातांवर नजर ठेवणं हा तर त्याचा धंदा. समोरच्या चष्मेवाल्या गृहस्थांनी घातली तेवढीच पत्ती त्याने घातली. त्यांनी झाकण ठेवून डोळे मिटले, यानेही मिटले, एक किलकिला ठेवून. त्यांनी ओतला तेव्हा याने ओतला. मग तो तीन कप घेऊन डावीकडे गेला आणि पहिला पीयूनपुढे, उरलेले दोन तिच्या पलीकडच्या दोघांपुढे ठेवले.

परत येतो तो उजवीकडून आलेले तीन कप त्याच्या चटईवर हजर. पहिला त्याने हुंगला. बूड बघायला तिरका केला तेव्हा अर्धा चहा पँटवर सांडला. दुसऱ्याच्या तळाशी काहीतरी काळं दिसलं. श्वास रोखून त्याने ते बोटाने वर काढलं. चहाची काडी होती. तिसरा त्याने निमूट प्यायला.

डावीकडे पीयून त्याचा चहा पीत होती. एक घोट घेऊन तिने कपात बघितलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा कपात. तिच्या डोळ्यांतला राग गेला होता. त्याच्या जागी जे आलं होतं ते वानफूला जास्त धोक्याचं वाटलं.

कप पुसून झाल्यावर बोलायची मुभा मिळाली. म्हाताऱ्या बाईंनी पीयूनला विचारलं, “हे तुमच्या ओळखीचे का?”

“नाही,” पीयून म्हणाली. “पण चहा बरा करतात.”

बसमध्ये ती त्याच्या शेजारी येऊन बसली. तीन थांबे गेल्यावर म्हणाली, “काय सापडलं?”

“काही नाही.”

“संशय कुणाचा होता?”

“तुझा नाही गं. कुणीतरी तुला फसवत असेल असं वाटलं.”

“फसवत होतं खरं,” पीयून म्हणाली.

कोण, हे विचारायचं धाडस त्याला घर आलं तरी झालं नाही.

सोमवारी सकाळी सहाला तो स्वयंपाकघरात आला. पीयून टेबलाशी ताठ बसली होती, हात मांडीवर, नजर खाली. समोर रिकामी किटली, पत्तीचा डबा आणि दोन कप.

“पाणी नाही ठेवलंस?”

पीयूनने ओठांवर बोट ठेवलं. वानफूने पाणी ठेवलं आणि चहा करून दोन कपांत ओतला.

तिने कप सावकाश, तळापर्यंत रिकामा केला.

“उद्या पत्ती जरा कमी घाला,” ती म्हणाली.

वानफूने मान डोलावली. तो कप विसळायला लागला तेव्हा कुठे ‘उद्या’ हा शब्द त्याच्या ध्यानात आला.