सोमवारची छत्री

ज्या भाषेवर माणसाचे मनापासून प्रेम असते, ती त्याला यायलाच हवी असे नाही. आमच्या ग्रुनेक गावाने हे सत्य सप्रमाण सिद्ध केले आहे. अमेरिकेतल्या अख्ख्या विस्कॉन्सिन राज्यात आमच्याइतके कडवे जर्मन गाव नाही. ‘वाल्डबोटे’ हे आमचे जर्मन साप्ताहिक मी चालवतो. त्याला तीनशे बारा वर्गणीदार आहेत. वर्गणी कुणी चुकवत नाही, अंक कुणी फेकत नाही. (आंबवायच्या कोबीच्या बरणीखाली घालायला असा दुसरा कागद नाही, असे जाणकार सांगतात.) एकदा नजरचुकीने मागच्याच आठवड्याचा अंक पुन्हा छापला गेला, तेव्हा ‘हल्ली अंक सुधारतोय’ असा चौघांनी अभिप्राय दिला.

भाषेच्या रक्षणासाठी रीतसर मंडळ आहे. मंडळाची वार्षिक सभा, बिअर आणि सॉसेजची सोय पाहून, दर जूनमध्ये इंग्रजीत पण अत्यंत जिव्हाळ्याने पार पडतो. अध्यक्ष डेल पुल्स मोटारी विकतात. त्यांना जर्मन येत नाही, त्यामुळे कारभार निःपक्षपाती राहतो.

या सुखात खडा एकच होता : ओटिलिएबाई ब्रॉक्सीपर. बिअरच्या कारखानदाराची विधवा, वय सत्त्याऐंशी. या बाई अंक वाचत! आमच्या भाषेत प्रत्येक वस्तू तो, ती किंवा ते असते, आणि त्यातली प्रत्येक चूक बाईंना दिसे. मग सोमवारी कचेरीत येऊन त्या छत्रीने माझे टेबल बडवत.

“रोलंड, मेल्या, चंद्र ‘ती’ कधीपासून झाला रे?”

“घाईत झालं, बाई.”

“घाईत तू बापाला आई म्हणतोस का?”

मी त्यांना चळाचळा कापत असे आणि मंगळवारपासून पुढच्या सोमवारची वाट पाहत असे.

गेल्या हिवाळ्यात बाईंनी अंथरूण धरले. मला बोलावून म्हणाल्या, “माझ्या मरणाची बातमी आत्ताच लिहून आण. मेल्यावर चुका कोण काढणार? हा डेल?”

डेल उशाशीच बसला होता. “काकू, असं अभद्र बोलू नये,” तो म्हणाला. (इंग्रजीत.)

“एवढी एक बातमी तरी शुद्ध जाऊ दे, रोलंड. दुसरं काही मागत नाही.”

तीनदा खोडून, दोनदा मला गाढव म्हणून, अखेर त्यांनी मजकूर पसंत केला. त्या शांतपणे गेल्या.

मंडळाने तातडीने ठराव केला की, सदर मजकुराखाली अध्यक्षांनी स्वतः रचलेले एक जर्मन वाक्य घालावे. आणि भावना अस्सल असल्याने ते कोणीही दुरुस्त करू नये.

“डेल, हे चुकलंय रे,” मी म्हटले.

“रोलंडकाका, भावना बघा की! व्याकरण काय घेऊन बसलात?”

शुक्रवारी काळ्या चौकटीत गावाने वाचले (म्हणजे पाहिले) : ‘तो आमची आई होता.’

एक्केचाळीस घरांत ते पान भिंतीवर लागले. पाद्रीबाबांनी डोळे पुसत माझा हात दाबला आणि म्हणाले, “काय लिहिलंय हो!”

सोमवारी मी टेबलावरचे सगळे कागद बाजूला करून बसलो. संध्याकाळपर्यंत कुणी आले नाही. बाईंची इतकी आठवण मला स्मशानातही झाली नव्हती.

तेव्हापासून प्रत्येक अंकात मी एक चूक मुद्दाम घालतो. कुणीतरी छत्री घेऊन येईल, ही वेडी आशा. ही गोष्टही त्याला अपवाद नाही. डेलचे वाक्य सोडून, वर आणखी एका ‘ती’चा मी ‘तो’ करून ठेवला आहे. तुम्हाला दिसला असेल, तर सोमवारी जरूर या. टेबल मोकळेच आहे.

दिसला नसेल, तर जूनमध्ये मंडळाचे अध्यक्षपद रिकामे होते आहे. तुमचे नाव मी सुचवून ठेवतो.