भोकाचा पैसा

आमच्या शेजारचे गुणवंतराव खिशात लोहचुंबक घेऊन फिरतात. मेहकरातल्या एका लग्नात त्यांनी आहेरात आलेल्या चांदीच्या समईला भर मांडवात चुंबक लावला. तो चिकटला. तेव्हापासून त्या घरातून त्यांना एकाही लग्नाची पत्रिका आलेली नाही. "नसो," ते म्हणतात. "समई लोखंडाची होती, त्याले मी काय करू?"

वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. नोकरी संपली, पण तपासणी संपली नाही. दूधवाला माप फेसासकट धरतो, बिस्किटाच्या पुड्यात बिस्किटांपेक्षा हवा जास्त, याचा त्यांना रोज नव्यानं संताप येतो. "काऊन बे, सरळ धंदा जमत नाही?" हा त्यांचा प्रश्न आमच्या गल्लीत येणाऱ्या प्रत्येक विक्रेत्यानं ऐकलेला आहे.

मी शाळेतून निवृत्त झालो आणि जुनी नाणी जमवायला लागलो. आठवडी बाजारातल्या एका माणसाकडून राणीछाप चांदीचा रुपया घेतला आणि हौसेनं गुणवंतरावांना दाखवला. चुंबक जवळ येताच राणीसाहेब उडी मारून त्याला चिकटल्या.

मला वाईट वाटलं. गुणवंतरावांचा चेहरा मात्र लालबुंद झाला. "तुमाले राग काऊन येत नाही मास्तर? तुमच्यासारख्या शांत लोकायच्या भरवशावर हे चोर जगून राह्यले."

त्या दिवसापासून मला भरवशाचा नाणेवाला शोधून देण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. जिल्ह्यातल्या बहुतेक नाणेवाल्यांशी त्यांचं आधीच भांडण झालेलं होतं. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला फक्त एक भोकाचा पैसा हवा होता. इंग्रजांच्या शेवटच्या वर्षांतलं, मधोमध भोक असलेलं ते तांबडं नाणं कोणाकडेही मूठभर मिळतं. गुणवंतराव मागायचे, पाहायचे आणि न घेता परत यायचे.

ट्रॅक्टरचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या जुन्या नोटेला लाखो रुपये देतो, फक्त आधी नोंदणीचे पैसे भरा, अशी मोबाईलवर जाहिरात करणारा एकजण होता. गुणवंतराव त्याला रोज जेवण झालं की फोन लावायचे. "तुझ्या मायले माहीत आहे काय, तू काय करून राह्यला ते?" तो फोन कापायचा, हे पुन्हा लावायचे. शेवटी त्यानं यांचा नंबर बंद केला. "चोरानं मले ब्लॉक केलं," हे त्यांनी गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं.

बुलढाण्याला नाण्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा आम्ही गेलो. टाय लावलेल्या एका विक्रेत्याला गुणवंतरावांनी विचारलं, "नाणं खोटं निघालं तर परत घेईन, असं पावतीवर लिहून देता काय?"

"काका, हा धंदा विश्वासावर चालतो."

"मंग इश्वास लिहून द्यायले काय होते?"

मग त्यांनी भोकाचा पैसा मागितला. विक्रेत्यानं चकचकीत पैसे पुढे केले. गुणवंतरावांना झिजलेला हवा होता. त्यानं एक मळकट पैसा काढला आणि यांना खूश करायला कसलीशी पावडर लावून खसाखसा घासला. गुणवंतरावांचा आवाज सगळ्या हॉलभर गेला. "घासलं काऊन बे? कोणाकोणाच्या हातून आलं ते, सारं पुसून टाकलं तू." जुनं नाणं कधी घासायचं नसतं, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढच्या टेबलवाल्यांनी आम्हाला पाहून डबे झाकले.

शेवटी कोणीतरी साखरखेर्ड्याच्या यासीनभाईंचं नाव सांगितलं. त्यांचं भांड्यांचं दुकान. मोडीत आलेल्या तांब्यापितळेतून नाणी निघाली की ते बाजूला काढून ठेवतात. मी माझं एक नाणं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि परत दिलं. "हे मले समजत नाही गुरुजी. जे समजत नाही, त्याचा भाव मी सांगत नाही."

गुणवंतरावांनी चुंबक खिशातच ठेवला. मग हळूच म्हणाले, "भोकाचा पैसा आहे काय?"

यासीनभाईंनी डबा उपडा केला. गुणवंतराव दुपारभर एकेक पैसा बोटांनी चाचपत बसले. एक त्यांनी वेगळा काढला. त्याचं भोक एका बाजूला झिजून लांबट झालं होतं.

"तो नका घेऊ साहेब," यासीनभाई म्हणाले. "कोण्या लेकराच्या करदोड्यात असंल. दोऱ्यानं झिजला. त्याले किंमत नाही."

"हाच पाह्यजे."

यासीनभाईंनी पावती केली आणि न सांगता तिच्यावर लिहिलं, 'नाणं झिजलेलं आहे.' मला माझा नाणेवाला सापडला होता. पण गुणवंतरावांचं लक्ष पावतीकडे नव्हतं. "अमडापूरले चालता काय माह्यासंगं?" त्यांनी विचारलं.

अमडापूरला त्यांची थोरली बहीण असते, कौसाअक्का. बसमध्ये त्यांनी सांगितलं ते असं. या दोघांच्या मधला भाऊ, शंकर, लहानपणीच तापानं गेला. गुणवंतराव तेव्हा पाळण्यात होते. शंकरच्या करदोड्यातला भोकाचा पैसा अक्कानं जन्मभर बटव्यात जपला. मागच्या दिवाळीत घराला रंग देताना तो हरवला. आता अक्काला फारसं आठवत नाही, पण पैसा आठवतो. सुनेनंच चोरला म्हणते.

"ती पोरगी तिचं सारं करते, आन् तिच्यावरच आळ. मले पाह्यवत नाही."

"म्हणजे हाच तो, असं सांगणार तुम्ही?"

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "हाव."

अक्का ओसरीवर बसल्या होत्या. गुणवंतरावांनी त्यांच्या हातावर पैसा ठेवला. "सापडला अक्का. माळ्यावर होता. सुनेनं नव्हता घेतला."

अक्कांनी अंगठा भोकावरून फिरवला, पुन्हा फिरवला. मग मान वर करून भावाकडे पाहिलं. "शंकऱ्या, कुठी होता रे इतका येळ?"

अक्कांनी सुनेकडून काळा दोरा मागून घेतला, पैसा ओवला आणि भावाच्या कमरेला सदऱ्यावरूनच बांधायला घेतला. हात पुरेनात, तसे गुणवंतराव सरकून अगदी जवळ बसले. गाठ सुटली. अक्कांनी पुन्हा सुरुवात केली.

"हालू नको."

"नाही हालत," ते म्हणाले, आणि दोन्ही हात वर धरून बसून राहिले.